दोन बुडांचा कमठा

माझे सासरे उकंडा सुतार, म्हणजे आमचे मामाजी, बोलायला लागले की कोणाचं ऐकत नाहीत आणि गप्प बसले की जेवत नाहीत. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर ते सलग चार दिवस गप्प होते. फुलसावंगीत आमचं घर रस्त्यावरच, त्यामुळे येणारा-जाणारा मला विचारी, "काहून वं इंदुताई, म्हातारा रुसला काय?" मी म्हणे, रुसले नाहीत, त्यांना खाल्लेलं पचत नाही. ते खोटंही नव्हतं. एक गोष्ट त्यांना वर्षभर पचली नव्हती.

आमच्या गावाजवळच्या तांड्यावरचा हिरासिंग हा मामाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, आणि तीर हातात असला की चाळीस पावलांवरून चिंचेचा आकडा पाडणारा माणूस. दर जानेवारीत यवतमाळच्या शेतकी प्रदर्शनात तिरंदाजीची चढाओढ असे आणि त्यात तो दोनदा पहिला आला होता. मागच्या वर्षी मामाजी हौसेने त्याच्यासोबत गेले. कमठा माणसाच्या उंचीचा, मोटारीत आडवा मावेना, उभा राहीना. मामाजी म्हणाले, "टाक टपावर, काही होत नाही." टपावर कोणाची तरी खाट होती आणि सरकीची पोती होती. यवतमाळला उतरवला तेव्हा कमठ्याचे दोन तुकडे झालेले. हिरासिंगने ते पाहिले, "जाऊ दे" म्हणाला आणि तीर न सोडता परत आला. वर्षभरात त्याने त्यावर एक शब्द काढला नाही. एखादी शिवी हासडली असती तर मामाजी सुटले असते.

आणि दिवाळीनंतर तो यवतमाळच्या डॉक्टरकडून येताना आमच्या ओट्यावर टेकला. काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं. चहा पिता पिता एवढंच म्हणाला, "या साली एक डाव खेळून घेतो, उकंडा. पुढच्या साली गोल कुठं हाय ते कोण दाखवन मले?" त्या दिवसापासून मामाजींचं जेवण सुटलं.

पाचव्या दिवशी ते भाकर मागायला आले तेव्हाच मी ओळखलं की डोक्यात काहीतरी बसलं आहे.

"इंदे, मी असा कमठा करतो का, थैलीत मावन."

"मग लहान पोराचा होईल तो."

"पुराच राहीन. मधातून निघन. मोटारीत दोन तुकडे, मैदानात एक."

मला हसू आलं. मोडलेला कमठा पाहून माणसाला मोडका कमठाच सुचावा! पण मामाजींना हसून काही फरक पडत नाही. त्यांनी धुरावर पक्का झालेला एक भरीव वेळू माळ्यावरून काढला आणि उभा चिरून त्याच्या दोन कांबा केल्या. दोन्ही एकाच वेळूच्या, पेराला पेर जुळणाऱ्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. मध्ये जोडायला आमच्या ह्यांच्या सायकलच्या पंपाची नळी. पंप चालू होता हे मी सांगत होते, पण नळी कापून झाली होती. हे आर्णीला जिनिंगात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे, तेव्हा ती बोलणी मी एकटीनेच खाल्ली.

पण हात! ज्याने मामाजींचा हात चालताना पाहिला नाही त्याला मी काय सांगणार. वीतभर नळी, दोन्ही बाजूंनी कांबा आत सरकायच्या. गोल नळीत कांब फिरते हे लक्षात येताच त्यांनी आत लाकडाचा ठोकळा घालून नळी वरून हलक्या हाताने ठोकली आणि किंचित चपटी केली. मग कांब फिरेना. ती सैलही बसत नव्हती आणि अडकतही नव्हती. ओढली की "टुक" असा आवाज येऊन निघायची. तो आवाज ऐकायला ते दहादा जोडत आणि दहादा काढत. अंबाडीची दोरी पिळून मेण लावून ठेवली. पुढे फुटक्या काचेने कांब खरवडायची, एका वेळी धुळीएवढी. प्रदर्शनाला अठरा दिवस असताना कमठा तयार झाला.

मामाजींनी तो भिंतीच्या खुंटीवर लावला, दोरी ओढून धरली आणि मला कोळशाने भिंतीवर वाक काढायला सांगितला. मी रेघ मारली. कमठ्याचा वरचा हात, म्हणजे वरची कांब, छान वाकला होता. खालचा हात काठीसारखा ताठ होता. त्यांनी खालचा आणखी खरवडला, तो नळीजवळच भसकन दुमडायला लागला. बाहेर जाऊन तीर सोडला तर तो समोरच्या लिंबाच्या शेंड्यात जाऊन बसला. तीन दिवस हाच खेळ. चौथ्या दिवशी मी दोन्ही कांबा काढून बोटांनी चाचपल्या. दोन्हींचं बूड खाली होतं आणि शेंडा वर. म्हणजे वरच्या कांबेचं जाड बूड नळीत, आणि खालच्या कांबेचा बारीक शेंडा नळीत.

"मामाजी, खालची उलटी करा. दोन्ही बुडं मधात येऊ द्या."

मी जणू त्यांना देव उलटा टांगायला सांगितलं होतं. "चाळीस साल झाले मले," ते ओरडले, "एक खांब उलटा उभा नाही केला! बूड खाली, शेंडा वर. झाड जसं वाढलं तसं उभं करा लागते. उलटं लाकूड ज्या घरात उभं राह्यलं ते घर बसते. अन् तू मले हिराच्या हातात उलटं लाकूड द्याले सांगतं? त्याचे डोळे चाललेच हायेत, आता आणखी काय घालवू?"

हे त्यांचं भय खरं होतं, म्हणून मी चिडूनही नीट बोलले. नाहीतर मी गप्प बसणारी नाही.

"खांब उभा असतो म्हणून त्याला डोकं आणि पाय. कमठा मांडीवर आडवा घ्या. आता सांगा, याचं डोकं कुठं आहे?"

त्यांनी कमठा मांडीवर घेतला. बराच वेळ इकडून तिकडे पाहिलं.

"हिरा तिरपाच धरते," शेवटी म्हणाले.

"मग झालं तर."

"तरी मी त्याले सांगीन, उभा धरू नको म्हणून."

खालची कांब तर टोकाला कापून, घासून बाद झाली होती. नवा भरीव, वाळलेला वेळू लगेच आणायचा कुठून? मी पाण्याला गेले आणि परत आले तो माझ्या स्वयंपाकघरात ऊन पडलेलं. म्हाताऱ्याने चुलीवरच्या छपराचा एक वासा काढला होता, छपराचे कवेलू खाली रचले होते, वरणात काजळी. मी पातेलं त्यांच्यासमोर आदळलं. ते म्हणाले, "पाह्य, वीस सालचा धूर खाल्लेला हाय. असा वेळू राजाले नाही भेटत." त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी पुढचं भांडण गिळलं आणि दुसरं वरण लावलं.

या वेळी भिंतीवरच्या दोन्ही रेघा सारख्या आल्या. मी दोरीने मोजल्या. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. तो वाक पाहून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. एवढी सुंदर वस्तू आमच्या घरात, पंपाच्या नळीतून आणि माझ्या वाशातून झाली होती.

यवतमाळला आम्ही तिघं गेलो. कमठा माझ्या मांडीवर, पिशवीत, वर शिदोरी. कंडक्टरने पाहिलंसुद्धा नाही. मैदानात हिरासिंगने टुक, टुक असं दोनदा वाजवून तो जोडला, दोरी चढवली, तेव्हा आजूबाजूचे तिरंदाज आपले कमठे टाकून बघायला आले. मुकुटबनकडचा एक जवान कोलाम आदिवासी तर नळीवर बोट फिरवत बसला. "कोण केला?" त्याने विचारलं. हिरासिंगने हनुवटीने मामाजींकडे दाखवलं आणि ते पोरीसारखे लाजले.

पाच तीर होते. चाळीस पावलांवर कडब्याची पेंढी, मध्ये गेरूचा गोल. चार तीर पेंढीत बसले, गोलाच्या कडेकडेने. पाचवा लावताना हिरासिंग थांबला.

"उकंडा," तो हळूच म्हणाला, "पेंढी दिसते. गोल नाही दिसून राह्यला."

मामाजी त्याच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. "पेंढीच्या बरोब्बर मधात हाय. कमठा सरळ फेकते. तू फक्त मधात धर."

तीर गोलात बसला. लोक ओरडले त्यावरूनच हिरासिंगला कळलं. पहिला नंबर त्या कोलामाचा आला, हिरासिंगचा दुसरा, पण कोलामाने जाता जाता वाकून त्या कमठ्याला हात लावला.

मग लिंबाखाली बसून हिरासिंगने दोरी उतरवली, कमठा सुटा केला, नळी खिशात टाकली आणि एक कांब मामाजींपुढे धरली.

"हे तू घेऊन जाय."

"काहून?"

"दोन्ही घरी राह्यल्या तं मी जोडीन. मले माझा हात माहीत हाय. पेंढी दिसते तवरी पेंढीवर मारीन, मंग अंदाजानं मारीन, अन् एखाद दिवशी तांड्यातल्या कोणाले तरी लागन. अर्ध्या कमठ्यानं कोणी मरत नाही."

मामाजींनी हात मांडीवरच ठेवले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "हे काहून? ते दुसरी दे ना."

हिरासिंगने दोन्ही कांबा हातात घेतल्या. अंगठ्याने बुडापासून शेंड्यापर्यंत एक चाचपली, मग दुसरी. पुन्हा पहिली. आणि हसला.

"कोणती कोणती, मले काय समजते, उकंडा? तूच तं दोन्ही सारख्या केल्या."