माझ्या पोटातल्या किल्ल्या

मी हार्ड डिस्क बोलतेय. नाव परकं असलं तरी माझा सगळा संसार किल्लीवाल्या काकांच्या दुकानात झाला. त्यामुळे बोलणंही त्यांच्यासारखंच झालंय, थोडं खडूस आणि गरजेपेक्षा जरा जास्त.

माझा जन्म झाला तिथे धुळीच्या कणालासुद्धा आत यायला बंदी होती. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, डोळे तेवढे उघडे. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या बसवल्या, त्यांच्यावरून फिरायला एक बारीकसा हात दिला, झाकण लावलं आणि लावून दिलं कामाला. काम एकच, लक्षात ठेवायचं. विसरायचं कसं ते मात्र कुणी शिकवलं नाही, आणि पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी दुकानात आले. भिंतभर न कापलेल्या किल्ल्या टांगलेल्या, काउंटरवर किल्ली कापायचं मशीन, आणि जिथे हात ठेवाल तिथे पितळेचा चुरा. म्हटलं, जन्माला आले कुठे आणि नांदायला आले कुठे! पण रुळले हळूहळू.

काका कुणाच्या घराला कुलूप बसवून आले की नाव, पत्ता आणि कुलपाचा नंबर माझ्यात लिहून ठेवायचे. तो नंबर असला की जुनी किल्ली हातात नसतानाही नवी कापता येते. म्हणजे अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या माझ्या पोटात! किल्ली हरवलेला माणूस आला की काका आधी उलटसुलट विचारून त्याला घाम फोडत, ओळख पटली की मगच मशीनला हात लावत. जुन्या किल्ल्याही ते कधी फेकत नसत. मागच्या खोलीत टेबलाच्या कडेला व्हाइस बसवलेला आहे, चांगला लोखंडी जबडा आहे त्याला. त्यात किल्ली आवळायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी काका त्याला थांबवून ठेवत.

एकदा बस चालवणाऱ्या एक ताई आल्या. अंगावर कामाचा गणवेश, बोटाला धरलेली लहान मुलगी. म्हणाल्या, "काका, घराचं कुलूप बदलून द्या. आणि ह्याची किल्ली कुणाला म्हणजे कुणालाच द्यायची नाही. कुणी कितीही गोड बोललं, पाया पडलं, तरी नाही."

काकांना त्यांच्या मनगटावरचा काळानिळा डाग दिसला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कुलूप बसवून आले आणि माझ्यात नंबरापुढे लिहिलं, 'नवऱ्याला देऊ नये.'

नवरा आलाच थोड्या दिवसांनी. जुन्या कॉम्प्युटरांची खरेदी-विक्री हा त्याचा धंदा. चेहरा हसरा, जिभेवर साखर. "काका, बायको घाईत किल्ली आतच विसरली हो. मुलगी शाळेतून येईल, बिचारी दारात ताटकळत बसेल."

"मग बायकोला घेऊन या," काका म्हणाले. "ती म्हणाली की कापून देतो, त्यात काय!"

तो हसत हसत गेला, पण दार असं आपटलं की भिंतीवरच्या किल्ल्या खुळखुळल्या. मला काकांचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग माझं वय झालं. सुरू होताना कण्हायला लागले, साधी यादी उघडायला काका चार जांभया देईपर्यंत वेळ लावायला लागले. शेवटी नवा कॉम्प्युटर आला. काकांनी कुलपांची यादी त्याच्यात नेली, माझ्यातलं होतं नव्हतं ते सगळं डिलीट केलं, वर पडद्यावरची ती कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली आणि हात झटकले. "झालं. धुऊन पुसून लख्ख!"

अहो, कसलं लख्ख! माणसं डिलीट म्हणतात तेव्हा आम्ही फक्त दारावरची पाटी काढतो. आतली मंडळी आपापल्या जागी आरामात बसलेली असतात. पण हे काकांना सांगणार कोण? मला तोंड कुठे होतं!

आणि नेमका तोच गोड माणूस परत आला. "जुना कॉम्प्युटर काढताय असं कळलं. मी घेतो की. मागचं विसरून जा काका, मनात ठेवू नका."

काका विरघळले. त्यांना वाटलं, किल्ली नाही दिली, निदान भंगार तरी देऊ, बिचारा नीट बोलतोय. म्हणाले, "उद्या दुपारी घेऊन जा. रिकामाच आहे तो."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्या अशा! ज्याला एक किल्ली द्यायला नकार दिला, त्याला काका सगळ्या वस्तीच्या किल्ल्या द्यायला निघाले होते. आणि त्याला हवी होती ती एकच. माझी तर पाचावर धारण बसली. मी ताईंचा नंबर विसरायचा किती प्रयत्न केला! जमेना. उलट तोच जास्त आठवत राहिला.

सकाळी काकांची सून दुकानात आली. तिचा फोन भरला की ती लेकीचे फोटो माझ्यात आणून टाकायची. "बाबा, कॉम्प्युटर देऊन टाकताय ना? तेवढे बाळाचे फोटो काढून घेते."

काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कुठले फोटो?"

सूनबाईचा चेहराच पडला. दवाखान्यातले पहिल्या दिवसाचे, पहिल्या दाताचे, सगळे फोटो माझ्यातच होते. काका सारखे म्हणत राहिले, "अगं, मला काय माहीत, मला काय माहीत." ती डोळे पुसून म्हणाली, "थांबा बाबा, पुसलेलं परत आणता येतं कधी कधी." आणि तिने कसलासा प्रोग्राम चालवला.

मी जीव तोडून काम केलं. एकेक फोटो वर यायला लागला. लाल लाल बाळ, मुठी आवळलेल्या. सूनबाई रडता रडता हसायला लागली. काका तर टाळ्याच पिटायला लागले, "आलं बघ! आलं बघ!"

आणि फोटोंच्या मागोमाग आली कुलपांची यादी.

काकांच्या टाळ्या थांबल्या. "हे... हे कसं आलं? हे मी पुसलं होतं."

"फोटोही पुसलेच होते ना बाबा," सूनबाई म्हणाली. "आपल्याला आणता आलं, म्हणजे कुणालाही आणता येईल."

काका खुर्चीत मटकन बसले. "आणि मी हा कुणाला द्यायला निघालो होतो, माहितीये?"

पुढचं भराभर झालं. सूनबाईने फोटो नव्या कॉम्प्युटरमध्ये नेले आणि तिथल्या यादीला पासवर्ड घातला. काकांनी कॉम्प्युटर खोलून मला बाहेर काढलं आणि ताईंना फोन केला. ताई बस डेपोत लावून तशाच धावत आल्या. काकांनी काही लपवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

काकांनी हातोडा उचलला, तशी सूनबाई म्हणाली, "वरून ठोकून भागायचं नाही, बाबा. आतल्या तबकड्या गेल्या पाहिजेत." काकांनी चांदणीच्या आकाराचे स्क्रू काढले, झाकण उघडलं. जन्मानंतर पहिल्यांदा मला वारा लागला. मला व्हाइसमध्ये आवळलं, ड्रिल मशीन जोडलं, आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, "काका! आलो हो!"

ताईंचा रंगच उडाला. काकांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली, मधलं दार ओढून घेतलं आणि काउंटरवर गेले. दाराच्या फटीतून मला दिसलं, नवऱ्याने कॉम्प्युटर उचलला, बाजूने आत डोकावला.

"ह्यातली हार्ड डिस्क कुठाय?"

"काढली."

"मग हा रिकामा डबा घेऊन काय चाटू?"

"का? नवी डिस्क टाका, चालेल," काका म्हणाले. "का डिस्कच हवी होती?"

त्याच्या जिभेवरची साखर विरघळली. "तिनं पढवलंय तुम्हाला! कुठाय ती?"

"दुकान माझं आहे," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मी इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "आणि दार ते तिकडं. परत इथे दिसलात तर पोलिसांशी बोलेन, तुमच्याशी नाही."

तो गेला. डबा तिथेच टाकून गेला.

काका आत आले आणि ड्रिल उचलायला लागले. ताईंनी हात पुढे केला. "माझं घर आहे काका. मीच करते."

काकांनी त्यांना चष्मा दिला, मशीन कसं धरायचं ते दाखवलं. दुखलं का विचाराल, तर खोटं कशाला बोलू, पहिल्या भोकाला जीव अगदी कासावीस झाला. पण दुसऱ्या भोकाबरोबर काहीतरी सुटलं. वस्तीतलं एकेक दार माझ्यातून निघून जायला लागलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. ताई थांबेचनात. शेवटी काकांनी तबकड्या बाहेर काढल्या आणि जबड्यात धरून दुमडल्या.

ताईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, कुलूप बदललं तरी मी रोज रात्री दाराला टेबल लावून झोपत होते. लेक विचारते, आई, टेबल का गं? आज तिला सांगते, अभ्यासाला घे ते."

काकांनी दुमडलेल्या तबकड्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. सूनबाई ताईंच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता मी पत्र्याच्या डब्यात पडून आहे, भंगारात जायची वाट बघत. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण माळ्यावर नाहीतर कपाटात पडलेली असेल. तिला नुसतं पुसून कुणाच्या हाती देऊ नका हो. हवं ते आधी काढून घ्या, मग तिला मोडा, नीट आरपार मोडा. तिला राग येणार नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

ही हकिगत तेवढी उरलीय माझ्याकडे, ती सांगून झाली. बाकी काही नाही. ताई कुठे राहतात, त्यांच्या कुलपाचा नंबर काय, विचारा मला. खरंच विचारा. नाही आठवत!