फ्रिजमधला रंगांचा डबा

मीटर तपासायची नोकरी संपली आणि यांनी घरात स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे काय, तर मागची बाल्कनी. तिथून माझी कपडे वाळत घालायची दोरी निघाली आणि एक घोडी आली. कॅनव्हास टेकवायच्या लाकडी स्टँडला घोडी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. जन्मभर दारोदार फिरून लोकांच्या भिंतीच बघितलेला माणूस म्हातारपणी चित्रं काढायला बसला, तर बायकोने काय करावं? मी आधी हसले. मग माझं सामान जायला लागलं, तेव्हा हसू आटलं.

रंग, ब्रश आणि कॅनव्हास एवढंच काय ते यांनी दुकानातून आणलं. बाकीचा स्टुडिओ माझ्या स्वयंपाकघरातून उभा राहिला. पाण्याला माझ्या दोन बरण्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याची. रंग कालवायला माझी लोणी लावायची सुरी. अंगात घालायला स्वतःचा जुना सदरा, पण हात पुसायला माझे नॅपकिन. एक थर वाळवून दुसरा द्यायचा, म्हणून माझा केस वाळवायचा ड्रायरसुद्धा गेला. तरी तोवर मी गप्प होते. चपटा डबा गेला, तेव्हा मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला डबा होता तो. लेकीला प्रवासात खाणं बांधून द्यायला घेतलेला. यांनी त्यात ओला स्पंज अंथरला, वर बटर पेपर घातला आणि त्यावर रंग कालवायला सुरुवात केली.

"अगं, हे रंग बघता बघता वाळतात," हे म्हणाले. "डब्यात ओलावा राहतो. फ्रिजमध्ये ठेवला की कितीतरी दिवस टिकतात."

"खाण्याच्या फ्रिजमध्ये रंग? आणि उद्या पोळीला लावून खाल!"

"खाईनही. तुझ्या भाजीपेक्षा रंग तरी असेल."

असं आमचं रोज चालायचं. मी येईल-जाईल त्याला ऐकवायचे, लेकीला फोनवर सांगायचे, "तुझ्या बाबांना म्हणावं, माझा डबा परत करा." लेक दुसऱ्या शहरात जाहिरातींची चित्रं करते, कॉम्प्युटरवर. ती हसायची. घरात माझी एकच मागणी होती आणि ती सगळ्या जगाला पाठ होती.

यांनी सगळं काढून झालं. समोरचं झाड, कोपऱ्यावरचा न्हावी, शेजारणीचं मांजर. मी एकदा वैतागून म्हटलं, "मांजराचा नंबर लागला, माझा कधी?" तेव्हा मला खुर्चीत बसवलं. चेहरा झाला, कपडे झाले, मागची खिडकी झाली. मांडीवरचे हात तेवढे राहिले. त्या जागी नुसती पेन्सिलची रेघ.

"चेहरा सोपा गं," हे म्हणाले. "कायम एकाच रंगाचा, रागाचा. हात अवघड आहेत."

रंग जुळला की नाही, ते बघायची यांची एक पद्धत होती. कालवलेल्या रंगाचा ठिपका माझ्या मनगटाजवळ लावायचे आणि वाळू द्यायचे. हा रंग वाळला की गडद होतो, म्हणून ओला असताना तो जरा फिकाच ठेवावा लागतो, आणि किती फिका, हे अंदाजानेच. वाळला की हात खिडकीशी धरून विचारायचे, "सापडतोय?" मी म्हणायची, "हा काय." की पुन्हा कालवायला बसायचे. माझ्या हातांवर देवी आल्यासारखे ठिपके. एका दुपारी मी हात खिडकीशी धरला आणि बघतच राहिले. ठिपका कुठे लावला होता तेच कळेना. बोट फिरवलं, तेव्हा जरासा खरखरीत लागला.

"सापडत नाही!" हे ओरडले. या वयात माणूस इतक्या जोरात ओरडतो? लगेच लेकीला फोन, "तुझ्या आईचा रंग जमला. उद्या हात." डबा बंद करून फ्रिजमध्ये ठेवला, त्यावर चुकून भाजीची जुडीही ठेवली.

सकाळी मी चहा घेऊन गेले. हे उठलेच नाहीत.

मग जे काय व्हायचं ते झालं. माणसं आली, गेली. लेक आली, रडली, रजा संपली म्हणून गेली. जाताना म्हणाली, "आई, हात मी पूर्ण करीन. पुढच्या खेपेला."

ती गेल्यावर मी फ्रिज उघडला. डबा होता. झाकण काढलं तर माझ्या हातांचा रंग तसाच, ओला. यांच्या सुरीची ओढही त्यात दिसत होती. मला तिथेच, फ्रिजच्या दारात, रडू फुटलं. अख्ख्या घरात यांचं असं एवढंच अजून वाळलेलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यावर पाणी फवारायची. दोनच फवारे, जास्त नाही. जास्त झालं की रंग पसरतो. स्पंज सुकला की कडेने चमच्याने पाणी सोडायची. लेक येईपर्यंत तो टिकवायचा, एवढं एकच काम मला उरलं होतं. यांनी जमवलेल्या रंगातच माझे हात पूर्ण व्हायला हवे होते. पुढे पुढे डब्याला थोडा वास यायला लागला, कडेला काळसर ठिपके दिसले. ते मी कापसाने टिपून काढायची. फोनवर यातलं काही बोलले नाही. आई भ्रमिष्ट झाली म्हणून पोरगी धास्तावली असती.

शेवटी एकदाची ती आली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनच्या कामाला गेले, हयात असल्याची सही करायला. परत येते तर स्वयंपाकघर लख्ख. फ्रिज पुसलेला. ओट्यावर चपटा डबा पालथा घातलेला, पाणी निथळत.

"आई, डोळे मीट," लेक म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. "घे. मिळाला तुझा डबा. आत बुरशी धरली होती गं, कसला वास. गरम पाण्यात घालून घालून घासला."

ओरडायला तोंड उघडलं, आणि तिच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले. घासून घासून बोटं लाल झालेली.

"बाबांच्या मागे किती वर्षं लागली होतीस," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांच्या वतीने निदान एवढं तरी करावं."

मी डबा फडक्याने पुसला. "छान निघालाय," म्हणाले. तिचे बाबा गेलेच होते. त्यांचा उरलेला रंगही आपणच मोरीत सोडला, हे ओझं पोरीच्या डोक्यावर कशाला?

दुपारी तिने मला खुर्चीत बसवलं. मातकट पिवळा, तांबडा, पांढरा, किंचित निळा असं कालवून बाबांसारखाच ठिपका लावला आणि ड्रायरने वाळवला. "सापडतोय?"

सापडत होता. पुन्हा कालवला. तोही सापडला. पोरीचा हात चांगला आहे, पण तिची सवय पडद्याची, तिथे रंग वाळत नाहीत. ठिपक्यांमागून ठिपके झाले. तिचा चेहरा उतरत चालला. "बाबांना कसा जमला गं?" म्हणाली.

पुढचा ठिपका वाळला. मला तो दारातूनही दिसला असता.

"नाही सापडत," मी म्हणाले.

"खरंच?"

"खरंच. जमला."

तिने हात रंगवले. सुरेख रंगवले, बोटं न् बोटं माझी. शेजारीण म्हणाली, हुबेहूब. मीही मान डोलावली. रंग मात्र माझा नाही. चेहरा माझा आणि हात दुसऱ्याच कुणा बाईचे.

ती निघाली त्या दिवशी वाटेतलं खाणं बांधायला मी तोच डबा घेतला. भरला. झाकण लावताना रबराची कड नीट बसेना. नखाने उचकटून बघितलं, तर खाचेत रंगाचा एक वाळका पापुद्रा, नखाएवढा. तिच्या घासण्यातून राहिलेला. सोलून काढला आणि मनगटाजवळ ठेवला. खिडकीशी हात धरला.

सापडेना.

मी तशीच उभी राहिले. पापुद्रा तिथेच होता, माझ्या कातडीवर, पण दिसत नव्हता, आणि खाली पडला असता तर फरशीवर कधी मिळाला नसता. श्वाससुद्धा हळू घेत होते. अहो, जमला होता हो तुम्हाला. अगदी जमला होता.

"आई, गाडी आली!" लेकीने दारातून हाक मारली. "डबा देतेस ना?"

"आले, आले," मी म्हणाले, आणि डबा द्यायला तोच हात उचलला.