मिश्री नसलेली डबी

मी गजराबाईची मिश्रीची डबी बोलतेय. पत्र्याची, झाकणाला पोचे. लोहाऱ्याच्या बाजारात तिनं मला घेतलं, तेव्हापासून तिच्या चंचीत माझा मुक्काम.

आधी माझ्यात खरंच मिश्री होती, दाताला लावायची भाजक्या तंबाखूची पूड. गजराबाई ओट्यावर टेकली की हात पुढं यायचे, "गजरे, चिमूटभर दे की!" आमच्याकडं बायका नवऱ्याला नाही म्हणतील, पण शेजारणीला मिश्री नाही म्हणत नाहीत.

मग तिचा नवरा बलभीम वारला. ट्रक चालवायचा तो. त्याच्यामागं तपासणीत कळलं, एचआयव्ही तिलाही आहे. माझ्यातली मिश्री गेली, रोजच्या गोळ्या आल्या. वाजू नयेत म्हणून वर कापूस. जवळच्या दवाखान्यात कुणी ओळखेल, या भीतीनं ती औषधाला थेट धाराशिवला जाते आणि गावाला सांगते, डोळे दाखवायला. नऊ वर्षं डोळेच दाखवतेय बिचारी! कुणी मिश्री मागितली की म्हणते, "संपली." गावानं तिला चिकट ठरवलं. मला लई वाईट वाटायचं.

मागच्या महिन्यात उपकेंद्रात गरोदर बायांचं रक्त तपासत होते. शेजारची धुरपदाबाई सून सोनालीला घेऊन आली, सोबतीला गजराबाई. एचआयव्हीचं नाव ऐकताच धुरपदाबाईनं सुनेचा हात मागं ओढला.

"तो रोग पुण्या-मुंबईचा. माझ्या सुनंनं धाराशिवसुदिक धड बघितलं न्हाय!"

"शहरात जास्त सापडतो, खरंय मावशी," नर्स शिवप्रिया म्हणाली. "पण खेड्यात तपासायला येतंय कोण?"

"न्हाय म्हंजे न्हाय! गजरे, मिश्री दे गं, डोकं उठलं."

आता "संपली" येणार, मला पाठच होतं. पण गजराबाईनं झाकण उघडलं, कापूस काढला आणि मला सगळ्यांसमोर धरलं.

"मिश्री न्हाय. एचआयव्हीच्या गोळ्या हायत. म्या कुठं गेल्ते शहरात? रोगच घरी चालत आला. पोटातल्या लेकराचा तरी इचार कर, धुरपदे."

सोनालीनं आपणच हात पुढं केला.

त्यानंतर आमच्या ओट्याकडं कुणी फिरकेना. गजराबाई उगीच अंगण झाडत बसायची. एके सकाळी धुरपदाबाई आली, डोळे रडून सुजलेले.

"सोनालीला बी हाय, गजरे. पर आत्तापास्नं औषध घेतलं तर लेकरू वाचंल, म्हनती नर्स. तिच्या नवऱ्याला, माझ्या रणधीरला बी तपासायला नेते. तू धाराशिवला जाशील तवा आमाला संगं ने."

मग तिनं स्वतःची डबी उघडून पुढं केली. "घे चिमूट." गजराबाई घ्यायला गेली आणि रडू लागली. दोघीही रडल्या.

आता सोनालीच्या गोळ्यांसाठी माझ्यासारखीच एक डबी शोधताहेत. बायांनो, हात जोडते, नका शोधू. तिच्या गोळ्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी उघड राहू द्या. गजराबाईच्याही तिथंच ठेवा. मिश्री वाईट, ठाऊक आहे मला. बडीशेप भरा हवी तर. पण मला पुन्हा ओट्यावर ठेवा. नऊ वर्षं झाली, चिमूट मागायला आलेल्या एकाही हाताला मी काही दिलेलं नाही.