नव्वद पुड्या

पुडी पहिली.

"जिवंत हायेत का ते?" देवरामने पुडी उजेडाकडे धरली.

"चांगले जंतू हायेत म्हणे," नवसाबाई म्हणाली. "लिव्हरवरची चरबी उतरंल, असं डॉक्टर म्हणाले. नवीन औषध हाय."

"म्हणजे जिवंतच. तुळशीची माळ हाय माझ्या गळ्यात."

"मग दही कसं चालतं?"

"दही म्हणजे दही!"

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस. दारूला कधी शिवला नाही. तरी लिव्हरचं कळल्यावर कॉलनीतल्या फकिरा नावाच्या दोस्ताने विचारलंच, "लपून घेत होता का रं?" देवराम हसला, पण त्या दिवसापासून पारावर गेला नाही.

नवसाबाईने दूध चुलीवर चढवलं. खळखळ उकळी आली, तशी पुडी आत सोडली.

"घ्या. आता एकबी जिवंत नाय. मारल्याचं पाप माझं."

तो प्याला.

पुडी दुसरी. पुडी तिसरी. पुडी चाळिसावी.

दूध. उकळी. पुडी. पाय सुजले.

पुडी एकोणनव्वदावी. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. ॲडमिट.

पुडी नव्वदावी पिशवीतच राहिली.

वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, पुड्या गार पाण्यातच दिल्या ना?"

नवसाबाईने सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "हे औषध अजून अभ्यासातच आहे. मेलेल्या जंतूंचाही उपयोग होतो का, ते तपासतायत लोक. आणि तुमच्या मालकांचा आजार फार पुढे गेला होता. जिवंत दिले असते तरी फरक पडला असता, असं मी सांगू शकत नाही."

"पण जिवंत दिले होते, एवढं तर मला सांगता आलं असतं ना, साहेब?"



ती आत गेली. देवराम जागाच होता.

"काय म्हणाले?"

खोटं तोंडाशी आलं होतं, ते तिने गिळलं.

"उकळायचं नव्हतं. जिवंत जंतू, तेच औषध होतं. मी मारलं ते."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकलं.

मग देवरामने सुजलेला एक पाय दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे सरकवला. दम खाल्ला. दुसरा सरकवला. खाटेच्या कडेला वीतभर जागा झाली.

"बस," तो म्हणाला. "सकाळधरनं उभीच हायेस."