फॉर्मवर 'घेतली' होतं

सलूनवाल्याच्या लेकीला मेनिंजायटिस झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. महिन्याभराने आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फॉर्म घेऊन घरी आल्या. आजारी पडलेल्या किती मुलांनी लस घेतली होती, धडधाकट असलेल्या किती जणांनी, यावरून लस खरोखर किती कामाची आहे ते त्यांना काढायचं होतं.

"घेतली होती की!" बायको म्हणाली. "हेच घेऊन गेले होते तिला."

सलूनवाल्याने मान डोलावली. कार्ड? हरवलं म्हणाला. खरं तर लसीच्या दिवशी केंद्रावर ही भलीमोठी रांग, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि लेक सुई म्हटली की भोकाड पसरणारी. रांगेतूनच तो तिला घेऊन परतला होता. वाटेत आइस्क्रीम दिलं आणि बजावलं, "आईला सांगायचं नाही हं."

आठवड्याने मेहुणा दाढीला बसला. गालभर फेस, तरी तोंडाचा पट्टा चालूच. "दाजी, पोराचा उद्या लसीला नंबर होता. नाही नेणार. तुमच्या पोरीने घेऊन त्या लशीने काय दिवे लावले?"

वस्तरा गालावरच थांबला. बोलावं तर बायकोला कळणार. गप्प बसावं तर भाचा तसाच राहणार.

"तिला दिलीच नव्हती," तो शेवटी म्हणाला. "मीच परत आणली. खोटं बोललो सगळ्यांशी."

"ताईशीसुद्धा?"

त्याने मान खाली घातली. मेहुणा उठला आणि अर्धी दाढी, गळ्यात टॉवेल, तसाच तडक निघाला.

सलूनवाला शटर ओढून केंद्रावर गेला. सिस्टरांनी 'घेतली' खोडलं.

"आपल्या भागात अकरा मुलं आजारी पडली," त्या म्हणाल्या. "लस घेतलेली त्यात एकच होती. तुमची."

घरी दुकानातला टॉवेल खुर्चीवर पडलेला होता. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. लेकीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग तिने बोलायची वही ओढली, घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं.

'बाबा, मी नाही सांगितलं.'