झिजलेलं सिंगापूर

आमच्या मास्तरांना नकाशांचं वेड. मास्तर म्हणजे आमचे हे, कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेचा नकाशा एकच, जगाचा, कापडावर चिकटवलेला. बाकीचे हे घरी काढायचे. पहिल्यात सुरतेला एक लाल ठिपका. दुसऱ्यात मुंबई, मद्रास, कलकत्ता. मग ठिपके पसरत पसरत एकमेकांना भिडायचे, आणि अठराशे अठराच्या नकाशात आमचं कर्जत न् खालापूरसुद्धा लाल होऊन जायचं. आणि हा लाल रंग कुठला म्हणता? माझ्या करंड्यातलं कुंकू, डिंकात कालवलेलं! इंग्रजाचं राज्य वाढायचं आणि इकडे माझा करंडा रिकामा व्हायचा.

"अगं, ठिपक्यापासून सुरू झालंय, पुन्हा ठिपक्यावरच येईल बघ," हे म्हणायचे.

"येईल तेव्हा येईल. तोवर मी कपाळाला काय लावू?"

भागूबाई आम्हाला भाजी घालायची. कशेळ्याच्या अलीकडच्या गावची. एकेचाळीस साली तिचा एकुलता एक हिरामण पलटणीबरोबर सिंगापूरला गेला, बरोबर त्याच गावचा गजा. हिरामणचं पहिलं कार्ड आलं तशी ही बाई टोपली डोक्यावर घेऊन थेट शाळेत. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. मास्तरांनी कार्ड वाचून दाखवलं आणि नकाशावर बोट ठेवलं.

"हे बघ. इथं आहे तुझा हिरामण."

"अगं बाय, येवढंसं? त्यात मावला कसा माजा पोरगा?"

"लाल दिसतंय ते सगळं सरकारचं. काळजी करू नकोस."

तिनं टोपली उतरवली. पुढे होऊन त्या ठिपक्याला बोट टेकवलं आणि तेच बोट कपाळाला लावलं, देवाच्या पायाला लावून लावतो तसं. मग हा नेमच झाला. बाजाराला आली की आधी शाळा, मग गिऱ्हाईक. पालेभाजीवर पाणी मारून ओलं झालेलं तिचं बोट केवढं आणि सिंगापूर केवढं! हळूहळू ठिपका फिका पडला, मलायाचं टोकही पुसट झालं.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. पेपर वाचून ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"सांगा तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? जिवंत आहे की नाही, ते कुणाला ठाऊक? नकाशावर लाल आहे तोवर लावू दे हात."

"म्हणजे नकाशा खोटं बोलतो, आणि तुम्हीही!"

दोन दिवस मी अबोला धरला. पण माझंही तोंड उघडेना. भागूबाई यायची, "आवंदा कारड नाय आलं, मास्तरीनबाई," म्हणायची, आणि मी मेली मेथी निवडत बसायची.

ते वर्षच असं होतं की कुणाचं चित्त म्हणून थाऱ्यावर नव्हतं. फौजेच्या गाड्या कर्जतला थांबायच्या, घाटासाठी मागं इंजिन लागेपर्यंत. भागूबाई फलाटावर एकेका खिडकीत डोकावत पळायची. ह्या गाड्या सिंगापूरहून येत नाहीत, हे तिला कुणी सांगायचं? पावसाळा सरला तशी चळवळीतली पोरं रानातले विजेचे मनोरे पाडायला लागली, गावोगाव पोलीस फिरू लागले, आणि नेमके तेव्हाच शाळेच्या तपासणीला डेप्युटी साहेब आले. त्यांची नजर नकाशावर गेली ती तिथंच खिळली.

"सिंगापूर कुणी पुसलं? मास्तर, हे काय चालवलंय? आज सिंगापूर, उद्या सगळं साम्राज्य पुसाल!"

मास्तरांनी खरं सांगावं तर भागूबाईचं नाव घ्यावं लागलं असतं. न सांगावं तर नोकरी जाणारच, वर हातात बेड्या. मी डबा घेऊन दाराशी आले होते, ते ऐकून मला राहवेना, मी डबा ठेवून दारातून आत शिरणार, तेवढ्यात माझ्या बाजूनं भागूबाईची टोपली पुढे गेली.

"म्या पुसलं, सायेब. माजा पोरगा हाय तितं."

डेप्युटी बघतच राहिले.

"सायेब, तुमी मोटं मानूस. मला येवढंच सांगा. ते लाल हाय, म्हंजे सरकारचंच हाय ना?"

"अं... हो. सरकारचंच."

"मंग त्याचं कारड का येत नाय?"

डेप्युटींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बिचाऱ्याला बोलायची सोय कुठे होती? सरकारचं म्हणावं तर कार्ड यायला हवं. आपलं नाही म्हणावं तर मास्तरांआधी त्यांच्याच हातात बेड्या. शेवटी त्यांनी शेऱ्यात 'नकाशा जीर्ण' एवढंच लिहिलं आणि निघून गेले.

भागूबाई माझ्याकडे वळली. "मास्तरीनबाई, तुमी तरी सांगा."

सिंगापूर पडल्याचं मी सांगितलं. मला रडू कोसळलं, ती मात्र रडली नाही.

"मंग हात लावू का नको?"

"लाव," मी म्हटलं. "लाव गं बाई."

आणखी तीन-साडेतीन वर्षं तिनं हात लावला. मलाया पार पांढरा पडला, खालचं कापड दिसायला लागलं. शेचाळीसच्या उन्हाळ्यात गजा परत आला, नुसती हाडं राहिलेला. भागूबाईनं त्याला धरूनच शाळेत आणलं. "दाव," म्हणाली.

गजानं पांढऱ्या भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकी, जपान्यानं आमाला वरसाभरात तितनं हलवलं. हमालीला न्यायला बोटीत घातलं. हिरामण म्होरच्या बोटीत. ती बुडाली. आमी मागनं बगितलं." आणि त्यानं बोट ठेवलं ते निळ्यावर. तिथं नाव नाही, गाव नाही, काही नाही.

"म्हंजे मी हात लावीत व्हते तवा तो हितं नव्हताच?"

त्यानंतर ती मागच्या दाराशी भाजी द्यायची आणि जायची. शाळेत पाऊल टाकलं नाही.

राज्य गेलं. अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये शाळेत नवा नकाशा आला. मास्तर लहान मुलासारखे नाचत होते. मी बघायला गेले आणि भागूबाईला हाताला धरूनच नेलं.

"बघ भागूबाई! हिंदुस्थान सुटला, ब्रह्मदेश सुटला. पुन्हा ठिपक्यांवर आले की नाही? सिंगापूर आहे अजून त्यांचं, पण तेही जाईल."

तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आनि पानी, मास्तर? पानी आता कुनाचं?"

"पाणी?" मास्तर अडखळले. "पाणी कुणाचंच नाही गं. ते आहे तिथंच आहे."

तिनं नकाशावर डोळे फिरवले. गजानं दाखवलेली जागा तिच्या बरोब्बर लक्षात होती. तिनं त्या निळ्याला बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं.

"अगं, ओलं बोट! नवाकोरा नकाशा..." मास्तर म्हणाले.

"गप बसा हो तुम्ही," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुमच्या लालाला माझं कुंकू पुरवलं ना? मग झिजू दे ते निळं. मी घरची नीळ देईन."