नव्वाराचा पितळी शिक्का

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे, बोटाच्या पेराएवढा. नाईलच्या काठावरील एका गावात, आठवडी बाजारात बसणाऱ्या कारागिराने माझ्या तोंडावर एक नाव कोरले : नव्वारा. कागदावर सुलटे उमटावे म्हणून त्याने ते उलटे कोरले.

नव्वाराला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी मीच उमटायचो. ती मला काळ्या ओढणीच्या टोकात गाठ मारून ठेवायची. नवरा वारल्यावर तिच्याकडे एक म्हैस आणि वडिलांच्या वाटणीत मिळालेले बरसीम या हिरव्या चाऱ्याचे शेत उरले. मोठा भाऊ खलफ अधूनमधून यायचा. "शिक्का दे गं, पंपाचा अर्ज आहे," म्हणायचा, आणि ती गाठ सोडायची. कागदावर काय लिहिले आहे, हे ना तिला कळे, ना मला.

मग शेजारच्या विधवेची खजुराची झाडे अशाच एका अर्जात गेली. त्या दिवसापासून नव्वाराने मला कुणाच्या हाती दिले नाही. गावात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला होता. ती तिथे जाऊन बसली.

शिकवणाऱ्या बाईंना तिथे अब्ला म्हणत. तिने अब्ला इन्साफना आपले नाव लिहून दाखवले. घरी माझ्याकडे पाहून पाहून ते गिरवले होते. प्रत्येक अक्षर उलटे.

"खाला, हे वाचायला आरसा आणावा लागेल," अब्ला म्हणाल्या. "शिक्का वाचायचा नसतो, त्याचा ठसा वाचायचा."

"नाव पाठ फिरवून बसलंय," मागून एक बाई म्हणाली. "रुसलं असेल. इतकी वर्षं कुणी विचारलंय त्याला?"

सगळ्या हसल्या. नव्वाराही हसली, आणि तिने पाटी पुसली.

खलफला हे कळले. तो गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "साठीला शाळा? कबरीत काय तुझी परीक्षा घेणार आहेत?"

"घेतात म्हणे, फरिश्ते येऊन," धार काढता काढता नव्वारा म्हणाली. "आणि तिथं उत्तर द्यायला भाऊ सोबत नसतो."

त्यानंतर त्याने मला कधी मागितले नाही. त्याने नाद सोडला, असे तिला वाटले.

हिवाळा सरता सरता तिचे नाव अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे, टिंबांसकट नीट येऊ लागले. यापुढे शिक्का धरू नका, सहीच धरा, असे कचेरीत सांगायचे तिने ठरवले. जाताना म्हशीसाठी चारा कापावा म्हणून ती शेतात वळली. बरसीम उपटून टाकले होते. घराच्या पायासाठी विटा रचल्या होत्या.

ती तडक खलफकडे गेली. तो आपल्या दारात चहा पीत बसला होता.

"विकलं शेत," तो म्हणाला. "कागदावर तुझा शिक्का आहे."

तिने गाठ सोडून मला त्याच्यासमोर धरले. "शिक्का तर माझ्याजवळ आहे."

"बाजारात पितळ मिळतं गं. नाव कोरणाराही तिथंच बसतो."

नव्वाराने तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली सही केली. कागदावरचा ठसा माझा नाही, याचा पुरावा म्हणून मी न्यायालयाच्या कपाटात गेलो. तारखेला कारकून मला बाहेर काढायचा, तेव्हा ती मला दिसायची. एकदा खलफचा वकील म्हणाला, "बाईंना तर छान लिहिता-वाचता येतं. मग यांना कुणी फसवलं कसं?" नव्वारा म्हणाली, "तेव्हा येत नव्हतं, साहेब." शेतावर तोवर घर उभे राहिले होते.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. निकाल अजून लागलेला नाही.

मित्रांनो, माणूस कोणत्याही वयात शिकू शकतो. नव्वारा शिकली. पण ज्यासाठी ती शिकत होती, ते तिच्यासाठी थांबले नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी अजून दुसऱ्याकडून कागद वाचून घेत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. नाव लिहायला शिकवून थांबू नका. नावाच्या वर काय लिहिले आहे, तेही वाचायला शिकवा. आणि हे आजच करा.